चौथ्या अ‍ॅम्पच्या गाठी

९ जानेवारी

दादा,

'प्रिय' लिहिलेलं नाही. विसरले असं समजू नकोस, मुद्दाम लिहिलेलं नाही.

बाबांनी बनवून तुमच्या कंपनीला विकायला पाठवलेले गिटारचे चारही अ‍ॅम्प परत आले. काल दुपारी टेम्पोवाल्याने खोकी दारात उतरवली, आईची सही घेतली आणि पाणीसुद्धा न पिता गेला. प्रत्येक खोक्यावर तुमच्या कंपनीची छापील चिठ्ठी आहे. 'आवाज अर्ध्याच्या वर नेल्यास शीळ. स्वर मंद. कारण : कारागिराच्या हाताचा दोष.' खाली शिक्का.

हाताचा दोष! बाबांच्या हाताचा! सोल्डर पाण्यासारखं पसरलं तर तो डाग, गोळी होऊन बसलं तर ती थुंकी, असं म्हणत ज्यांनी आपल्याला शंभर वेळा तोच जोड सोडायला लावला, त्यांचा. तू त्याच इमारतीत बसतोस ना? विक्री तू बघतोस, फोटो तू काढतोस, गिऱ्हाइकांशी तू बोलतोस. मग ही चिठ्ठी डकवत होते तेव्हा तू कुठे होतास? चहा प्यायला गेला होतास?

आता घरात काय झालं ते ऐक. बाबांनी चष्मा लावला आणि चिठ्ठी वाचली. मी म्हटलं, "चारही सारख्याच आहेत." तरी त्यांनी चारही वाचल्या. मग म्हणाले, "चार अ‍ॅम्प एकदम चुकत नाहीत. माणूस चुकतो."

आई म्हणाली, "अहो, आधी उघडून तर बघा."

"काय बघू? इथून गेले तेव्हा मला ते गप्प वाटले होते. आता शीळ घालतात म्हणे. म्हणजे तेव्हाही घालत असणार, मलाच ऐकू आली नाही. कान गेले असतील."

एवढंच बोलले. संध्याकाळी त्यांनी कामाच्या टेबलावर जुनी चादर पसरली. कडासुद्धा नीट खोचल्या, आजारी माणसाच्या खोचतात तशा. आज सकाळी झिपऱ्या आला होता. तोच, कोपऱ्यावरच्या हॉटेलात गिटार वाजवणारा, ज्याच्या केसांकडे बघून आई कंगवा शोधते. त्याचा अ‍ॅम्प अर्धा झालाय. बाबांनी अर्धा झालेला अ‍ॅम्पच त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, "दुसरीकडून पुरा करून घे." तो रडायच्या बेताला आला होता. बाबा नव्हते आले. म्हणूनच मला भीती वाटते.

मला उत्तर हवंय. आईला फोन करून 'सगळे बरे आहात ना' विचारतोस तसलं नकोय. या चिठ्ठ्या कुणी लिहिल्या आणि कशाच्या आधारावर, ते सांग.

ठिणगी


२१ जानेवारी

दादा,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, पोचपावतीच ती! 'तू लहान आहेस, यात पडू नकोस. निर्णय मालकांचा आहे. बाबांनी आता आराम करावा.'

मी लहान आहे. बरं. या घरात पदवी घेणारी पहिली मी, कॉलेजच्या प्रयोगशाळेत वीस-वीस जणांच्या तुकड्यांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवते मी, आणि लहानही मीच. पदवीचा कागद बाबांनी भिंतीवर लावला तेव्हा तू घर सोडून गेला होतास, त्यामुळे तुला कदाचित माहीत नसेल. फार वाकडा लावलाय. मी सरळ करत नाही.

आणि 'आराम' म्हणजे काय? ते दिवसभर खिडकीत बसतात. रस्त्यावर रिक्षा खाकरली तरी मान वळवून विचारतात, "मला नीट ऐकू आली का ही?" आईने परवा स्वयंपाकघरात मुद्दाम चमचा पाडला, तर ओरडले, "ऐकलं! एवढा ठार बहिरा नाही झालो अजून." याला आराम म्हणतात का तुमच्याकडे?

तुमचं भांडण झालं त्या दिवशी मी तुझ्या बाजूने बोलले होते, आठवतंय? तू म्हणालास, छापील पाटीवर सर्किट केलं तर चौथाई वेळात काम होतं आणि स्वर तोच येतो. बाबा म्हणाले, मग छापखान्यातच जा. तू गेलास. मी तेव्हाही म्हटलं होतं आणि आजही त्यांच्या तोंडावर म्हणते, की छापील पाटीत पाप नाही. चांगल्या माणसाने आखली तर तीही गाते. तांब्याला कुठे ठाऊक असतं की आपण तारेत आहोत की पाटीवर! फरक एवढाच, की पाटीवर कुठली तार कुठून जाणार हे आखणारा एकदाच ठरवतो आणि ते कायमचं तसंच राहतं. हाताने जोडलेल्या अ‍ॅम्पमध्ये ते दर वेळी नव्याने ठरवावं लागतं. तिथे कष्ट आहेत, आणि तिथेच चूकही होऊ शकते. म्हणून मला खरोखर वाटलं होतं, की बाबांकडून चूक झाली असेल. हे तुला लिहितानाही मला लाज वाटते आहे.

रविवारी दुपारी बाबा झोपले होते. आईला सांगितलं, खोक्यांवरची धूळ पुसते. पुसली. मग पहिला अ‍ॅम्प उलटा केला आणि तळाचा पत्रा काढला. आधी कपॅसिटरमधली वीज उतरवली, डावा हात अ‍ॅप्रनच्या खिशात घालून. बाबांच्या अ‍ॅप्रनला एकच खिसा का, म्हणून आपण हसायचो ना? एक हात खिशात राहिला तर धक्का छातीतून जात नाही म्हणून. तुझ्यासाठी मात्र आईने खिसा उजवीकडे शिवला होता.

आत बघितलं आणि मला काही कळेचना. तारा विंचरलेल्या होत्या! अगदी भांग पाडून, काटकोनात वळवून, दोन जाड जुड्या करून, मेणाच्या दोऱ्याने बोटाबोटावर आवळून बांधलेल्या. दिसायला इतकं सुंदर, की शोकेसमध्ये ठेवावं.

बाबा असं काम करत नाहीत. तुला माहीत आहे, पण तुझ्या मालकांना हे मोठ्याने वाचून दाखव. पितळी खुंट्यांच्या पट्टीवर सुटे भाग बसवायचे, आणि तिथून आवाज वाढवणाऱ्या काचेच्या व्हॉल्व्हच्या बैठकीपर्यंत तार न्यायची ती जरा लांबच सोडायची, तिला कूस बदलायला जागा ठेवायची. मग अ‍ॅम्प चालू करायचा, आवाज पुरा वर न्यायचा, आणि आईच्या विणकामाच्या लाकडी सुईने एकेक तार हळूच सरकवत बसायचं. इकडे ढकलली की घूं वाढतो, तिकडे ढकलली की कमी होतो. जिथे तो थांबेल तिथे ती तार तशीच सोडायची, मग ती दिसायला कितीही वेडीवाकडी असो. बाबा याला तारा निजवणं म्हणतात. एक-एक अ‍ॅम्प निजवायला त्यांना सगळी दुपार लागते. (त्या सुईपायी तुझा स्वेटर एका बाहीचाच राहिला, हे आई अजून ऐकवते.)

आणि तुमच्याकडे कुणीतरी या निजलेल्या तारा उठवून कवायतीला उभ्या केल्या! व्हॉल्व्हमध्ये शिरणारी तार आणि त्यातून बाहेर पडणारी तार एकाच जुडीत बांधल्या. आत शिरणारीत गिटारचा बारीकसा आवाज असतो, बाहेर येणारीत तोच कितीतरी मोठा झालेला. दोघी खांद्याला खांदा लावून चालल्या तर मोठी छोटीच्या कानात ओरडणारच. ते ओरडणं पुन्हा आत शिरतं, पुन्हा मोठं होतं, पुन्हा ओरडतं. तीच तुमची शीळ. मुलांना मी हे पहिल्या सत्रात शिकवते, दादा!

म्हणजे दोष कुणाच्या हाताचा होता? तुमच्या कंपनीत बसून जुड्या बांधणाऱ्याच्या. त्याचं नाव शोधून काढ. बाबांना मी अजून काही बोललेले नाही. त्यांना माझी समजूत घालणारी वाक्यं कळतात, म्हणून त्यांच्यापुढे पुरावाच ठेवायचा आहे. सरांकडून लेखी परवानगी घेऊन शनिवारी प्रयोगशाळेतला ऑसिलोस्कोप घरी आणते आहे.

तोवर त्या माणसाचं नाव कळव.

ठिणगी


२५ जानेवारी

दादा,

नाव कळवू नकोस. कळलं.

काल दिव्याखाली धरून गाठी बघितल्या. दोऱ्याचं टोक वेढ्याखालून घेऊन परत त्याच्यावरून ओढलेलं, म्हणजे ती गाठ सरकत नाही आणि तार चिरडत नाही. बाजारात प्लॅस्टिकचे पट्टे मिळत असताना असल्या गाठी आता कोण मारत बसतं? बाबांनी आपल्याला खुर्चीच्या पायावर शिकवली होती. माझ्या गाठीचं शेपूट उजवीकडे पडतं, त्यांचंही उजवीकडे. या सगळ्यांचं डावीकडे आहे. एकूण एक.

आपल्या घरात डावखुरा एकच आहे.

तू 'मालकांचा निर्णय' म्हणून लिहिलंस. तू आईला फोनवर सांगितलंस, 'मी तरी काय करणार?' आणि बाबांनी तुझ्यासमोर नव्हे, पण तुझ्यामुळे टेबलावर चादर घातली, हे पंधरा दिवस माहीत असून तू जेवत होतास, झोपत होतास, लोकांना फोटो दाखवत होतास!

मला तुझ्याशी बोलायचं नाही. पण उत्तर दे.


४ फेब्रुवारी

दादा,

एवढं लांब पत्र तू आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं असशील. तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना रडू आलं, दुसऱ्यांदा राग आला, तिसऱ्यांदाही रागच आला. तेव्हा माझं मत रागाकडे आहे असं समज.

तू म्हणतोस, हल्ली गिऱ्हाईक अ‍ॅम्प ऐकायच्या आधी त्याच्या पोटाचा फोटो मागतं. बाबांच्या पहिल्या अ‍ॅम्पचा फोटो तू लावलास, तर खाली लोकांनी लिहिलं, 'आत उंदीर व्यायलाय का?' सगळं ऑफिस हसलं, मालकही हसले, आणि तुला ते सहन झालं नाही. म्हणून पुढचे चार आले तेव्हा तू दार लावून, बाबांनीच शिकवलेल्या गाठीने, त्या तारा नीट बांधल्यास. फोटो असे आले की मालकांनी तुझी पाठ थोपटली. वाजवून बघितलेस, पण हळू आवाजात, कारण पलीकडच्या खोलीत बैठक चालू होती.

हळू आवाजात! दादा, तू त्या घरात वाढलास! आवाज पुरा वर नेल्याशिवाय तार खरं बोलत नाही, हे तुला दुधाच्या दातांपासून माहीत आहे. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी अडाणी म्हणून सोडून दिलं असतं.

बरं, तेही सोडते. तू प्रेमाने केलंस. मानलं. पण तक्रारी आल्या त्या दिवशी तुला दोन मिनिटांत कळलं असणार काय झालंय ते. तू लिहितोस, 'सांगितलं असतं तर नोकरी गेली असती.' मग बाबांचं काय गेलं? तुला चार अनोळखी माणसांचं हसणं लागलं, आणि त्यांचं खिडकीत बसणं लागलं नाही? असलं कसलं प्रेम हे, जे फोटोपुरतं टिकतं!

आता शनिवारचं सांगते. माझ्या पत्रांत पहिल्यांदाच काहीतरी बरं आहे, ते मी रागात घाईने लिहून टाकणार नाही.

स्कोप आणला. टेबलावरची चादर काढायचा धीर होईना, म्हणून पुढच्या खोलीत जमिनीवर मांडामांड केली. झिपऱ्याला गिटार घेऊन बोलावलं होतं. बाबा आत पडून होते, दार लोटलेलं. पहिला अ‍ॅम्प लावला, आवाज वर नेला, आणि अशी शीळ बसली की झिपऱ्याने कान धरले. दुसऱ्याचंही तेच. तिसरा गमतीचा होता. शीळ नाही, पण गिटार उशी तोंडावर दाबून गायल्यासारखी. झिपऱ्या म्हणाला, "ताई, याला सर्दी झालीय." स्कोप लावला तर पडद्यावर गिटारच्या लाटेवर दुसरी एक बारीक, दाट लाट स्वार झालेली. तीही शीळच, फक्त माणसाच्या कानाच्या पलीकडची. ऐकू येत नाही, पण सगळी ताकद खाऊन टाकते. चिठ्ठीतला 'मंद स्वर' तो हा. त्याचा फोटो काढून ठेवलाय.

मग गाठी कापल्या. तारा इतक्या दिवसांच्या आवळलेल्या, सोडल्या तरी सरळच राहिल्या. मी लाकडी सुई घेतली आणि पहिल्या अ‍ॅम्पमधली तार ढकलायला लागले. शीळ बारीक झाली, जाड झाली, गेली, परत आली. मला काही ते जमेना. घामाने सुई निसटायला लागली.

आतून आवाज आला, "मागे. पट्टीपासून लांब."

घाईत मी तार पुढेच ढकलली.

"ढकललीस त्याच्या उलट, ठिणगे. हां. अजून. अजून थोडी... पुढे गेलीस. मागे ये. तिथे. सोड."

सोडली. अ‍ॅम्प गप्प झाला. व्हॉल्व्ह नुसते उजळून बसले होते, त्यांची ऊब तेवढी कळत होती.

"खाली अजून घूं आहे," बाबा आतून म्हणाले. "बारीक आहे. व्हॉल्व्ह उजळवणाऱ्या तारांचा पीळ सैल झालाय बघ."

मला तो घूं ऐकू येत नव्हता. झिपऱ्यालाही नाही. मी पीळ घट्ट केला आणि आत ओरडून विचारलं, "आता?"

"आता गेला."

दादा, मधे भिंत होती, दार लोटलेलं होतं! आणि हेच कान गेले म्हणून ते इतके दिवस बसून होते. आईने स्वयंपाकघरातून येऊन दार उघडलं आणि म्हणाली, "अहो, तिथून कसले हुकूम सोडताय, बाहेर या की." बाबा बाहेर आले. झिपऱ्याने वाजवायला सुरुवात केली. मी तुला स्वराचं वर्णन लिहिणार नाही, तुला तो स्वर ठाऊक आहे आणि तू तो आवळून टाकला होतास.

मग त्यांनी विचारलं, "कुणी बांधलं होतं हे?"

मी म्हटलं, "तिथल्या कुणीतरी."

हो, खोटं बोलले. तुझ्यासाठी नाही. ते तुझ्या तोंडून यायला पाहिजे म्हणून.

बाबा वाकले. जमिनीवर कापलेले दोरे पडले होते. त्यातला एक उचलून चष्म्याजवळ धरला, गाठ बोटाने फिरवून बघितली, शेपूट कुठे पडलंय ते बघितलं. म्हणाले, "गाठ चांगली मारलीय," आणि दोरा अ‍ॅप्रनच्या खिशात टाकला. अ‍ॅप्रन त्यांनी कधी घातला, मला कळलंच नव्हतं.

दुसरा आणि तिसरा त्यांनी स्वतः निजवला. मी चौथ्याचा पत्रा काढायला गेले तर म्हणाले, "तो राहू दे. ज्याने बांधलाय तो सोडेल."

मी भडकले. तुला लिहिते तसंच त्यांनाही बोलले. म्हटलं, "बाबा, तुम्हाला माहीत आहे? आणि तरी? चिठ्ठीवर दोष तुमच्या हाताचा लिहिलाय!" तर म्हणाले, "हात त्याचाही मीच घडवला ना? मग फार चुकीचं नाही लिहिलेलं." आणि हसले. हसले! मी स्कोप ओढत आणला, मी परवानग्या काढल्या, मी धक्के खाल्ले, आणि कौतुक कुणाच्या गाठीचं, तर तुझ्या. मला हे अजिबात मान्य नाही, आणि ते मी त्यांनाही सांगितलं.

तुझ्या मालकांना मी पत्र लिहिलंय. काय झालं, कशामुळे झालं, स्कोपचा फोटो, आणि चिठ्ठ्या मागे घेऊन तसं शिक्क्यानिशी कळवा, ही मागणी. बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "लिहिलंयस झकास. पण खाली सही तुझी नको." म्हणून ते पत्र सोबत जोडलंय. सहीची जागा मोकळी आहे. नोकरी जाईल की राहील, मला माहीत नाही, आणि मी 'राहील' असं खोटं लिहिणार नाही. मालकांच्या हातात ते तुझ्याच सहीने पडलं पाहिजे. मग घरी ये.

टेबलावरची चादर निघाली आहे. झिपऱ्याचा अ‍ॅम्प पुन्हा आला आहे, त्याच्यावर काम चालू आहे. चौथा तुझ्या जुन्या जागेवर ठेवलाय, गाठींसकट. कामं झाल्यावर आई सुई परत मागायला आली. बाबांनी दिली नाही. म्हणाले, अजून एक निजवायचा आहे. मी ती सुई चौथ्या अ‍ॅम्पच्या उजव्या बाजूला ठेवून दिली होती. आज सकाळी बघते तर बाबांनी ती उचलून डाव्या बाजूला ठेवली आहे.

ठिणगी